उन्हाच्या गावाला बर्फाची टीम

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याची आइस हॉकीची टीम विकली गेली आणि चंबूगबाळं आवरून युटाहतल्या सॉल्ट लेक सिटीला निघून गेली. ॲरिझोनाचं मुख्य शहर फिनिक्स. ते वाळवंटात वसलेलं आणि तिथला उन्हाळा आपल्या चंद्रपूरला तोडीस तोड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीतल्या माणसाला या बातमीचं काय सोयरसुतक, असं कोणीही विचारील. पण ज्या जिल्ह्यात पारा ४७-४८ ला टेकतो, त्याच जिल्ह्यातली आश्रमशाळेची पोरं एव्हरेस्टच्या बर्फावर जाऊन आली आहेत. त्यामुळे ज्या मातीत बर्फ पडत नाही तिथे बर्फाचा खेळ न्यावा का, आणि नेला तर तो त्या गावाचा होतो का, हा प्रश्न इथे अगदीच परका वाटत नाही.

वाद घालणारे दोघे मामा-भाचे. मामा आश्रमशाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. भाचा लाइनमन, खांबावर चढणारा. गुरुजींना कुठलाही खेळ पाहायला चालतो, मोबाईलचा डेटा संपेपर्यंत पाहतात. भाच्यालाही खेळ आवडतो, पण त्याचं बिल कोण भरतो हे आधी कळल्याशिवाय त्याचं मन लागत नाही. मी मध्ये बसून ऐकणारा. राहवलं नाही तिथे तोंड घातलं आहे.

भाचा: गेली ना शेवटी पळून? मी म्हणतच होतो, मामा. जिथं नळाचं पाणी एप्रिलातच हात भाजते, तिथं बर्फावरची टीम टिकून राहते का?

गुरुजी: उन्हानं गेली असं तुला कोणी सांगितलं? ती टीम मुळात फिनिक्सची नव्हतीच. कॅनडातल्या विनिपेगची होती. विनिपेगची थंडी म्हणजे विचारू नको. तरी तिथे पैशाचं गणित बसेना म्हणून १९९६ मध्ये ती फिनिक्सला नेली. म्हणजे थंडीच्या गावातूनही टीम जाते, हे आधी लक्षात घे. मग २००३ च्या अखेरीस तिला ग्लेनडेलला नवं स्टेडियम मिळालं, पण ते शहराच्या पश्चिम टोकाला, आणि तिकीट काढून येणारे लोक राहतात पूर्वेला. २००९ मध्ये मालकाचं दिवाळं वाजलं. आइस हॉकीच्या लीगनं चार वर्षं स्वतः टीम सांभाळली. २०२२ मध्ये ग्लेनडेलनं भाड्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. मग एका विद्यापीठाच्या हॉलमध्ये, जिथे पाच हजार माणसंही मावत नाहीत, तिथे दोन वर्षं खेळले. यात ऊन कुठे आलं?

भाचा: ऊन नसेल आलं, लोक तर आले ना? टीम आपली वाटली असती तर लोकांनीच तिला उराशी धरलं असतं. मी वाचलं, टेंपी नावाच्या गावात नव्या स्टेडियमसाठी मतदान घेतलं, तर लोकांनी साफ नाही म्हटलं.

गुरुजी: २०२३ च्या मे महिन्यात. पण ते मत टीमवर नव्हतं. जुन्या कचरा डेपोची जमीन, तिच्यावर स्टेडियम, शेजारी हॉटेलं, घरं, दुकानं. ते होऊ द्यायचं का, असा प्रश्न होता.

भाचा: म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. वरून खेळ, खालून जमीन.

यावर गुरुजींनी मान हलवली, पण ती हो म्हणणारी होती की वैतागाची, ते कळलं नाही.

गुरुजी: बरं, फिनिक्स सोड. फ्लोरिडा घे. समुद्रकाठ, दमट हवा, नारळाची झाडं. तिथल्या टँपाच्या टीमनं २००४ मध्ये स्टॅन्ले कप, म्हणजे आइस हॉकीचा सगळ्यात मोठा करंडक, जिंकला, मग २०२० आणि २०२१ ला पुन्हा. लास वेगास तर सगळं वाळवंट, २०१७ ला तिथे टीम उभी राहिली आणि २०२३ ला कप घेऊन गेली. २०२४ आणि २०२५ ला फ्लोरिडाचीच दुसरी टीम, पँथर्स. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर कोण? कॅनडातलं एडमंटन. जिथे पोरं चालायला लागली की स्केटवरच उभी राहतात, ते गाव. म्हणजे २०२० ते २०२५ या सहा वर्षांत पाच कप उन्हाच्या गावांत गेले. अजून कोणती लायकी दाखवायची त्यांनी?

भाचा: हीच तर माझी तक्रार आहे. कॅनडातल्या टीमनं शेवटचा कप कधी घेतला?

गुरुजी: १९९३. माँट्रियल.

भाचा: बघा. ज्यांच्या तळ्यावर हा खेळ वाढला, ते तीस वर्षं रिकाम्या हातानं बसून आहेत. विनिपेगला तर १९९६ पासून १५ वर्षं टीमच नव्हती. २०११ मध्ये मिळाली ती कुठून? अटलांटातून उचललेली. अटलांटा म्हणजे पुन्हा उन्हाचंच शहर, आणि त्या शहराची टीम जायची ही दुसरी वेळ, पहिली १९८० मध्ये कॅल्गरीला गेली होती. हा कसला न्याय? ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे खेळ. जिंकणं म्हणजे लायकी नाही, मामा. जिंकायला खेळाडू विकत घेता येतात. लायकी कशानं ठरते, ते सांगा.

इथे मला बोलावंसं वाटलं. कारण भाच्याचा प्रश्न कॅनडाचा नाही, आपलाच आहे. विदर्भाच्या क्रिकेट संघानं रणजी करंडक २०१७-१८ मध्ये जिंकला, लगेच पुढच्या वर्षी जिंकला, २०२४-२५ मध्ये पुन्हा जिंकला. नागपूरला जामठ्याचं स्टेडियम आहे. आयपीएलची टीम मात्र नाही. पुण्याला ती दोनदा आली आणि दोनदा गेली. विदर्भातल्या गावागावात कबड्डी खेळतात, प्रो कबड्डीत २०१४ पासून महाराष्ट्राच्या दोन टीम आहेत, एक मुंबईची, एक पुण्याची. व्यावसायिक टीम लायकी बघून दिली जात नाही, बोली बघून दिली जाते. त्यामुळे उन्हाच्या शहराला आइस हॉकीचा हक्क आहे का, असं विचारताना आपण त्या धंद्याला एक नीती चिकटवतो जी त्याच्याकडे कधी नव्हती. मी हे बोललो आणि दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

गुरुजी: तू तळं तळं करतोस ना? एक गोष्ट ऐक. कॅनडातच, पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया. समुद्रामुळे तिथली हवा उबदार, तळी खेळण्याइतकी गोठतच नाहीत. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे दोघे भाऊ. बापानं लाकडाचा धंदा विकला आणि त्या पैशातून त्यांनी तिथे कृत्रिम बर्फाचे रिंक बांधले. १९११ चं साल. कॅनडातले ते पहिले. लोकांनी वेड्यात काढलं असेल. १९१५ मध्ये व्हँकुव्हरनं स्टॅन्ले कप जिंकला. दोन वर्षांनी सिॲटलनं, तेही त्याच उबदार किनाऱ्यावरचं. म्हणजे बर्फ नसलेल्या गावात मशीननं बर्फ करून खेळायचं, हे फ्लोरिडानं काढलेलं नाही. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली.

भाचा: सागवान विकून रिंक. आपल्या जिल्ह्यात सागवान विकून कोणी काय केलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

गुरुजी: विषय बदलू नको.

भाचा: नाही बदलत. मशीनचंच बोलू. ते माझं खातं आहे. मी बसून सगळं वाचलं. सिमेंटच्या लादीत पाइप टाकलेले राहतात. त्यात मिठाचं किंवा रसायनाचं पाणी शून्याच्या खाली उणे आठ-नऊ अंशांवर फिरवतात. वर बर्फ किती? जेमतेम तीन सेंटीमीटर, भाकरीसारखा. ते मैदान ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद. बर्फाच्या वरच्या थराला उणे चार-पाच लागते. आता बाहेर ४६ धरा. पन्नास अंशांचा फरक, तोही दिवसरात्र, कारण एकदा वितळला की सगळं पहिल्यापासून. आणि उष्णतेपेक्षा वाईट काय, तर हवेतली ओल. दमट हवा आत शिरली की बर्फावर धुकं धरते. म्हणून आधी हवा कोरडी करायची, त्याला वेगळी मशीन, वेगळी वीज. आणि लोड कधी वाढतो? दुपारी. जेव्हा सगळ्यांचे कूलर चालू, पंप चालू, ट्रान्सफॉर्मर तापलेले. तेव्हाच.

गुरुजी: धुक्याचं म्हणतोस तर हेही ऐक. १९७५ चा मे महिना, बफेलो शहर. अमेरिकेतलं बर्फासाठी बदनाम गाव. अंतिम मालिकेतला सामना. स्टेडियमला वातानुकूलन नव्हतं, बाहेर उकाडा. बर्फावर इतकं धुकं साचलं की चेंडू, म्हणजे त्यांची ती चकती, दिसेना. खेळाडूंना रिंगण घालून फिरवत होते, धुकं हटावं म्हणून. थंडीच्या गावातही मे महिना येतोच ना! स्पर्धा जूनपर्यंत चालते. आज माँट्रियलमध्ये पण तोच कंप्रेसर, तेच पाइप. आकाशातून पडलेल्या बर्फावर लीगचा सामना होत नाही, अधूनमधून उघड्यावर खेळतात तो तमाशा, आणि तिथेही खालून मशीन लावलेलीच असते.

भाचा: मान्य. पण कमी लागते ना वीज.

गुरुजी: कमी लागते.

भाचा: मग फरक आहे. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. कोळसा आपला, पाणी आपलं, राख आपल्या उरात. ती वीज मुंबईच्या मॉलमधल्या बर्फाला गेली तर मला राग येणार की नाही? डोंगरावरच्या कोलामगुड्यांत, कोलामांच्या वस्त्यांत, उन्हाळ्यात बाया झऱ्यावर ओंजळीनं पाणी भरतात. तिथं कोणी म्हणालं, पाणी गोठवून त्यावर खेळू, तर मी खांबावरून खाली उतरून त्याच्याशी बोलीन.

हे त्याचं बोलणं मला खोडता आलं नाही, गुरुजींनाही नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते, तेव्हाही मुद्दा हाच होता. मैदानावर मारायच्या पाण्यानं दुष्काळ हटणार नव्हता हे खरं. पण तहानलेल्याच्या समोर हौद सांडू नये, एवढी रीत खेळानंही पाळावी, असं न्यायालयाला वाटलं आणि मला ते तेव्हाही पटलं होतं.

गुरुजींनी मात्र वाट बदलली.

गुरुजी: थंडीचं गाव म्हणजे खेळाचं गाव, हा तुझा हिशेब भारतात तरी चालतो का बघ. लडाखमधल्या पोरी. तलाव गोठतो तो हिवाळ्यातले मोजके आठवडे. तेवढ्यात शिकायचं. सरावाला किर्गिझस्तानात जावं लागलं. भारताच्या महिला संघानं पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला तो २०१७ मध्ये, फिलिपिन्सविरुद्ध. कुठे? बँकॉकला. आणि २०२५ मध्ये आशिया कपाचं कांस्यपदक घेतलं ते अमिरातीतल्या अल ऐनला. एक घामाचं गाव, दुसरं वाळूचं. ज्या पोरींच्या घराशेजारी तळं गोठतं, त्यांना बारमाही बर्फ मिळाला तो वाळवंटात. उन्हाच्या शहरांनी रिंक बांधलेच नसते तर थंडीच्या मुलखातल्या या पोरी कुठे खेळल्या असत्या?

भाचा: आणि देहरादून? २०११ ला दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलं रिंक. डोंगरी राज्य, थंडी शेजारी. खेळ झाले आणि वर्षानुवर्षं कुलूप. चालवायचा खर्च पेलेना. आता २०२५ ला उघडलं. बांधायला उद्घाटनाचा माणूस मिळतो, मामा. चालवायला मिळत नाही.

गुरुजी: ते तर मी आयुष्यभर पाहिलं.

भाचा: मग?

गुरुजी: मग काय! २०१८ विसरलास?

विसरणं शक्य नव्हतं. आदिवासी विकास विभागाची ‘मिशन शौर्य’ मोहीम. जिवती, देवाडा, बोर्डा इथल्या शासकीय आश्रमशाळांतून पोरं निवडली. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असं सरावाचं वर्तुळ. त्याआधी २०१४ मध्ये शेजारच्या तेलंगणातली मालावत पूर्णा वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली होती, ती वाट समोर होती. दहा जण गेले आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी माथा गाठला. ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्यांची नावं घेतली.

गुरुजी: निवडीच्या दिवसांत मी एक पोरगं पाहिलं. जन्मभर चपलेत नाही तर अनवाणी. त्याच्या पायात पहिल्यांदा घोट्याच्या वर येणारे बूट घातले. बोटं आत मुडपून घेतली त्यानं, जणू बूट चावणार आहे. चल म्हटलं तर गुडघा छातीपर्यंत उचलून पाय टाके. बाकीची पोरं हसली, तोही हसला. मग खाली बसला आणि लेस सोडून पुन्हा बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. गाठ कशी बसते ते त्याला कळेपर्यंत उठला नाही. मला तेव्हाच कळलं की बर्फ या पोराचं काही वाकडं करणार नाही. डोंगर चढायचं अंग त्याच्याकडे होतंच, माणिकगडाच्या उतारावर गुरांमागे धावून आलेलं. राहिली होती फक्त लेस. ती कोणी दिलीच नव्हती. लडाखच्या पोराला थंडी मिळते, आपल्या पोराला चढ मिळतो. उरलेलं शिकवता येतं. मग उन्हाच्या गावाला बर्फ शोभत नाही, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

भाचा: शोभतो की नाही हा माझा मुद्दाच नाही. पाच पोरं वर गेली, मला काय कमी अभिमान आहे? मिरवणुकीत मी लाइटिंगची वायर धरून चाललो होतो. प्रत्येकी पंचवीस लाखांचं बक्षीस. मग ‘मिशन शक्ती’ आलं, २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीची पोरं पदक आणतील म्हणून. बल्लारपूरला मोठा कार्यक्रम, आमीर खान आला. २०२४ उजाडलं. पॅरिसला महाराष्ट्राचं पदक आणलं स्वप्नील कुसाळेनं, नेमबाजीत. तो कोल्हापूरचा. कोल्हापूरला आखाडे आहेत, तालमी आहेत, क्लब आहेत, दर पिढीला आहेत. आपल्याकडे मोहीम येते. मोहीम आणि टीम यात मला काही फरक दिसत नाही. दोन्ही बाहेरून येतात, गाजतात आणि जातात.

गुरुजी: टीम गेली तरी काही मागे राहतं. ऑस्टन मॅथ्यूज हे नाव ऐकलंस का? फिनिक्सच्या शेजारचं स्कॉट्सडेल, तिथे वाढला. लहानपणी घरचे त्या वाळवंटी टीमचे सामने दाखवायला न्यायचे. २०१६ मध्ये लीगच्या निवडीत सगळ्या जगातून पहिला उचलला गेला तो. वाळवंटातला पोरगा, आणि कोणी उचलला? टोरंटोनं. कॅनडाच्या एका जुन्या घराण्यानं. टीम फिनिक्समधून गेली म्हणून ही गोष्ट पुसली जात नाही. कॅलिफोर्नियातही तेच. १९८८ मध्ये वेन ग्रेट्झ्की एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा कॅनडात लोक रडले. पण त्यानंतर कॅलिफोर्नियात गल्लीगल्लीत पोरं चाकांच्या स्केटवर हॉकी खेळायला लागली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोराला हाव कशी सुटणार?

भाचा: मॅथ्यूज झाला तो टीममुळे की शेजारी रिंक होतं म्हणून?

गुरुजी: दोन्ही.

भाचा: दोन्ही म्हणून सुटू नका. एकच द्यायचं झालं तर काय द्याल?

गुरुजी थांबले. बराच वेळ. मला वाटलं आता म्हणतील, रिंक. पण गुरुजी शिक्षक आहेत, पोराच्या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याआधी त्याची पाटी तपासतात.

गुरुजी: तू सारखं म्हणतोस, बाहेरून आलेलं. आपण कुठले रे? तुझा आजा नांदेडकडून आला. दुष्काळात बैलगाडी घेऊन डोंगर चढला. इथले म्हणजे कोलाम आणि गोंड. आपण मागून आलो. लंबाडे मागून आले. शेजारच्या चौदा गावांवर आजही दोन राज्यं हक्क सांगतात, माणसं दोन्हीकडे मत देतात, दोन्हीकडचं रेशन घेतात, एका गावात दोन सरकारांच्या शाळा. जिवतीच्या माणसानं दुसऱ्याला विचारावं, की तू इथला आहेस का?

भाचा: विचारावं. जिवतीच्याच माणसानं विचारावं, कारण त्याला त्याची किंमत माहीत आहे. आजा आला तो नांगर घेऊन आला, मामा. दगड वेचले, बांध घातले, दोन पोरं तापानं गेली तरी उतरून परत गेला नाही. जमिनीचा पट्टा नाही, सातबारावर नाव नाही, तरी राहिला. टीम येते ती करार घेऊन येते. करार संपला की मालक दुसऱ्या गावाशी बोलतो. तिला आपली म्हणायला माझी हरकत नाही, पण तिनं एकदा तरी तोट्यात राहून दाखवावं.

मला वाटतं, या सगळ्या वादातलं सर्वांत खरं वाक्य हे होतं. हवामानाच्या नावानं फिनिक्सला किंवा चंद्रपूरला अपात्र ठरवणं हा फुकाचा डौल आहे, तिथे गुरुजी शंभर टक्के बरोबर. पॅट्रिक बंधूंनंतर ती चर्चा संपायला हवी होती. पण टीम मिळणं हे शहरानं मिळवलेलं मानपत्र आहे, हा गुरुजींचा छुपा समज मला पटत नाही. फिनिक्सला २८ वर्षांत जे खरं मिळालं ते म्हणजे स्कॉट्सडेलसारख्या उपनगरांतले रिंक, पहाटे पोरांना तिथे घेऊन जाणारे आईबाप, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च श्रेणीत उतरलेला तिथल्या विद्यापीठाचा स्वतःचा हॉकी संघ. हे सगळं टीमबरोबर सॉल्ट लेक सिटीला गेलं नाही. टीमचा उपयोग झाला तो पेटवणीसारखा, असं म्हणता येईल. पण पेटवणीवर स्वयंपाक होत नाही, आणि पेटवणीसाठी सबंध गावाचं सरपण कोणी देऊ नये. टेंपीच्या मतदारांनी नेमकं एवढंच केलं. मी तिथे असतो तर माझंही मत नाही असंच पडलं असतं.

हे मी बोलून दाखवलं नाही. गुरुजी तोवर तिसऱ्याच गोष्टीवर आले होते.

गुरुजी: हे बघ, महाराष्ट्राची पोरं बर्फावर पदकं आणतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत आणली आहेत. ती कुठे शिकतात? पुण्या-मुंबईत, चाकांच्या स्केटवर, डांबरी रस्त्यावर नाही तर सिमेंटच्या ट्रॅकवर. बर्फ शेवटी शेवटी मिळतो. मुंबईला एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाचं एक रिंगण होतं, तेही गेलं. तरी पोरं थांबली नाहीत. वळायचं कसं, घोटा कसा धरायचा, काठीनं चकती कशी ढकलायची, यातलं बरंच चाकांवर बसतं. म्हणून मी काय म्हणतो, जिवतीत एक सिमेंटची लादी करू. चाळीस मीटर बाय वीस मीटर. चाकांच्या हॉकीला तेवढी पुरते. कडेला फळ्या. तिच्यावर कबड्डीची मॅटही अंथरता येईल, पोरी व्हॉलीबॉलही खेळतील. वीज किती? आठ दिवे. पाणी? झाडण्यापुरतं.

भाचा: टीमवरून लादीवर आलात.

गुरुजी: तू विचारलंस ना, एकच द्यायचं तर काय.

भाचा: आठ दिवे म्हणजे एलईडी धरले तर फार लोड नाही. एक खांब जवळ असला तर सर्व्हिस वायर ओढून देता येईल. पण मीटर कोणाच्या नावावर?

गुरुजी: शाळेच्या.

भाचा: शाळा मे महिन्यात बंद. दिवाळीत बंद. तेव्हाच तर पोरं गावात राहतात. बाकी दिवस आश्रमशाळेत नाही तर ऊसतोडीला आईबापाबरोबर. मीटर शाळेच्या नावावर म्हणजे चावी शाळेकडे.

गुरुजी: मग ग्रामपंचायत.

भाचा: जिवतीला नगरपंचायत आहे, मामा.

गुरुजी: तेच ते.

भाचा: तेच ते नाही. नगरपंचायतीकडे दिलं तर लग्नाला मंडप ठोकतील. सिमेंटमध्ये खिळे मारतील आणि तुमची चाकं पहिल्या भोकात अडकून पोरगं तोंडावर पडेल. आणि गुड्यावरच्या पोरीनं यायचं कसं? संध्याकाळी पाचनंतर खाली उतरायला तिला गाडी नाही. दिवे लावून ठेवले आणि खेळायला बाजारपेठेतलीच पोरं आली, तर मी कनेक्शन देणार नाही.

गुरुजी: तू कोण कनेक्शन न देणारा?

भाचा: मी खांबावर चढणारा.

गुरुजी हसले. मग वहीचं मधलं पान फाडून त्यांनी लादीचा नकाशा काढायला घेतला. भाच्यानं पेन मागून घेतलं आणि ती लादी उचलून शाळेच्या आवारातून गुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवली. गुरुजी म्हणाले, तिथे उतार आहे, भराव घालावा लागेल, खर्च दुप्पट होईल. भाचा म्हणाला, होऊ द्या. त्यावर पुन्हा जुंपली.